कादंबरी अर्ध्यात अडली असेल तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारखे बाकीचे वाचणारे आहेत त्यांनाही कळेल. वय २७, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, घरचं थोडं कोरडवाहू वावर, सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसतोस, मधात दोन वर्षं अमरावतीत रूम करून एमपीएससी केली आणि परत आलास. सालदाराच्या, म्हणजे एका मालकाकडे वर्षभराच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या, पोरावर कादंबरी लिहायला घेतली, ७० पानं झाली, पोरगा शिकून गावात परत येतो तिथपर्यंत आली आणि तिथंच चार महिन्यांपासून अडून बसली आहे. भाषा वऱ्हाडी ठेवू की पुस्तकातली, गावातले लोक स्वतःला ओळखून भांडायला येतील का, पुण्या-मुंबईत ओळख नाही तर छापणार कोण, आणि सगळ्यात शेवटी, माझ्यासारख्याला हे जमेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी. जमेल. वावर आणि नोकरी सांभाळून ७० पानं लिहिणारा माणूस कादंबरी पूर्ण करू शकतो, हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, तू पाठवलेली पानं वाचून म्हणते. त्यातला बाप खरा वाटला. तो बैलाशी बोलतो ते तर फारच छान आहे. तू म्हणते मी तुला, वयानं मोठी आहे, राग मानू नको.

आता अडण्याचं. मी बऱ्याच वर्षांपासून कादंबऱ्या लिहिते, आणि इकडच्या नव्या लिहिणाऱ्या पोरापोरींची हस्तलिखितं वाचायला येतात ती पण वाचते. जवळपास प्रत्येकाची गाडी ६०-८० पानांवर अडलेली असते आणि प्रत्येकाला वाटतं की आपली प्रतिभा संपली. तसं काही नसतं बाप्पा. पहिली ७० पानं आपण आठवणीवर लिहितो, लहानपण, माय, शाळा, पोळा, हे सगळं आत साठलेलं असतं ते भराभर येतं. मग साठा संपतो, आणि पात्र अशा जागी येऊन उभं राहतं की जिथलं आपल्याला काही माहीतच नसतं. सुचत नाही असं आपल्याला वाटतं, पण खरं तर माहिती पुरत नसते. आणि माहिती ही तर विचारून मिळते.

तुझ्याच कादंबरीचं घे. बाप सालदार आहे हे तू लिहिलंस, पण त्याचं साल कितीचं होतं? पाडव्याला बैठक झाली तेव्हा ओट्यावर कोण कोण होतं? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली आणि कशासाठी घेतली? पैशासोबत ज्वारी-गहू ठरले होते का, जोडे-कपडे होते का, सणाची सुटी होती का? बिमार पडला तर खाडे कसे मोजायचे हे बोलणं झालं होतं का? समज श्रावणात बाप तापानं दहा-बारा दिवस अंथरुणाला खिळला, मालकानं त्याच्या जागी रोजानं माणूस लावला आणि ती रोजी सालातून वळती केली, त्यात पोराच्या बारावीच्या ट्यूशनसाठी अजून थोडी उचल झाली, वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर उचल फिटलेलीच नाही, म्हणून पुढच्या पाडव्याला त्याच मालकाकडे पुन्हा साल धरणं भाग पडलं. बघ, यात मी गोष्ट रचलीच नाही, नुसता हिशेब मांडला, आणि तुझी निदान दोन प्रकरणं उभी राहिली. बाप का सुटू शकला नाही हे आता वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, त्याला ते आकड्यातून दिसतं.

आणि पोरगा परत येतो तो नेमका कोणत्या महिन्यात येतो? तुझ्या पानात नुसतं ‘एके दिवशी तो गावी परतला’ आहे. आपल्याकडे महिना बदलला की गाव बदलतं हे तुला मी काय सांगू. जूनमध्ये आला तर सगळे आभाळाकडे बघत बसलेले, कृषी केंद्रासमोर बियाण्यासाठी गर्दी, सावकाराकडे जाणं-येणं सुरू. दिवाळीनंतर आला तर घरात कोणीच सापडणार नाही, माय किलोच्या भावानं कापूस वेचणीला गेलेली, बोटं बोंडाच्या काट्यानं चिरलेली. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे वेचणी संपल्यावर, आला तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटणं सुरू आहे, हातात थोडा पैसा आहे, लग्नाची बोलणी सुरू आहेत. आणि मार्चमध्ये पाडव्याच्या तोंडावर आला तर? तर बापाच्या नव्या सालाची बोलणी व्हायची आहेत. मालक निरोप पाठवतो. बाप उठून टोपी घालतो. आणि पोरगा म्हणतो, बाबा तुम्ही नका जाऊ, मी जातो, मले त्याचं वावर मक्त्यानं, ठरलेले पैसे देऊन कसायले, मागायचं आहे. चार महिन्यांपासून अडलेली कादंबरी माझ्या मते इथून सुटते. तुला दुसरी जागा सापडली तर ती घे, पण महिना ठरव, त्याशिवाय पुढं जाऊ नको.

विचारायला कोणाकडे जायचं आणि कसं विचारायचं हे पण सांगते, कारण इथं पोरं गडबड करतात. वही-पेन घेऊन समोर बसायचं नाही, मोबाईलचं रेकॉर्डिंग न सांगता तर मुळीच लावायचं नाही. माणूस काम करत असताना त्याच्यासोबत राहा, डवरणीला जा, ढोरं पाणी पाजायला जा. आणि ‘तुम्हाला कसं वाटलं’ असं विचारू नको, त्याचं उत्तर ‘काय वाटणार, चालते’ एवढंच येतं. ‘त्या वर्षी बैलजोडी कोणती होती’ विचार, ‘पाणी कोणत्या नक्षत्रात आलं’ विचार, ‘उचल कोणाच्या हातात दिली’ विचार, मग बघ माणूस तासभर बोलतो. आणि बायांना विचार. घरचा खरा हिशेब त्यांच्याजवळ असतो, कोणत्या वर्षी कोणतं पोतं विकलं, डोरलं कधी गहाण पडलं, ते सुटलं की नाही, हे त्या तारखेनिशी सांगतात. घरी आल्यावर त्याच रात्री लिहून काढ, सकाळपर्यंत त्यांच्या शब्दातली चव निघून जाते आणि आपले शब्द त्यात शिरतात.

हे काम काही कमी दर्जाचं नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, १२७८च्या सुमाराला, लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्याची सुरुवात आपण तिथून धरतो. त्यांनी केलं काय तर महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींना ज्यांनी ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्या माणसांकडे ते गेले, विचारलं, ऐकलं, आणि लिहून घेतलं. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ते तपासून घेतलं. म्हणून त्यात माणसं जेवतात, रुसतात, रस्ता चुकतात, त्या वेळची भांडी-कपडे-भाज्या दिसतात. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि लोकांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. एवढ्या जुन्या काळात, एवढ्या जवळच्या गावात एका माणसानं पायी फिरून हे केलं आहे, आणि आपल्या घरापासून सालदाराचं घर चार पावलांवर आहे. शहरातल्या लिहिणाऱ्याला या माहितीसाठी गाडी करून यावं लागतं, आणि आला तरी लोक त्याच्याशी पाहुण्यासारखं बोलतात. तुझ्याशी तसं बोलणार नाहीत. ओळख नाही, ओळख नाही म्हणून तू जे दुःख करतोस ना, त्याच्या समोर ही गोष्ट ठेवून बघ.

एक वही कर, वर्षांची. डाव्या बाजूला साल, उजवीकडे गावात-देशात काय झालं, आणि त्यापुढे प्रत्येक पात्राचं वय. तुझा नायक १९९८चा धरला तर बीटी कापूस आला २००२ला, तेव्हा तो ४ वर्षांचा. २००८ची कर्जमाफी झाली तेव्हा १० वर्षांचा, पण सालदाराच्या नावावर सातबाराच नाही तर त्याला कसली माफी, मालकाला झाली असेल, आणि त्या वर्षी मालकानं सालदारासाठी काय केलं हा प्रश्न आपोआप येतो. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली, ऐन वेचणीत, तेव्हा तो १८चा, मजुरी द्यायला कोणाजवळ चालणाऱ्या नोटा होत्या? २०१७ला गुलाबी बोंडअळी आली आणि त्याच हंगामात तुझ्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली. फवारायला पाठीवर पंप कोणाच्या असतो, मालकाच्या की सालदाराच्या? तुझ्या ७० पानांत २०१७ येतं आणि जातं, त्यात फवारणीचा शब्द पण नाही. आजोबाचा भाग लिहिणार असशील तर १९७२पासून एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, बैलबंड्यांच्या रांगा, मुक्काम, आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, लवकर मिळायचा नाही, हे घरातल्या बुढ्या माणसाला विचार, तो रात्रभर सांगेल.

आता लिहिण्याकडे येते. तुझ्या ५२व्या पानावर ओळ आहे, ‘बापाने कापूस नेला पण भाव मिळाला नाही, तो निराश होऊन घरी आला.’ एवढ्या मोठ्या गोष्टीला एकच ओळ का दिलीस? सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसाचा ओलावा मोजतात, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत चालतो, त्याच्या वर गेला की घेत नाहीत, हे तर तुला माहीतच आहे. मग तो क्षण जवळून लिहायचा. मी असं काहीतरी केलं असतं:

ग्रेडर गाडीवर चढला, वरचा कापूस बाजूला सारला न मधातून मूठभर ओढून काढला. मीटर लावलं. ‘चौदा.’ बाप म्हणाला, ‘साहेब, सकायचं धुकं लागलं हाये, दुपारी पाहा नं एकडाव.’ ग्रेडर काही न बोलता उतरून मागच्या गाडीकडे गेला. मागचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. काट्याजवळ उभा असलेला व्यापाऱ्याचा माणूस सावकाश चालत आला. ‘काका, गाडीभाडं डबल कायले देता? आपल्या इकडं खाली करून टाका.’ बापानं गाडीकडे पाहिलं. गाडी भाड्याची होती.

यात निराश हा शब्द कुठं नाही, आणि लागत पण नाही. भाड्याची गाडी आहे म्हणून कापूस परत नेता येत नाही, मीटर आहे म्हणून वाद घालता येत नाही, आणि तो माणूस तिथं उभाच आहे कारण रोज असे लोक येतात. एवढ्यात पूर्ण बाजार आला. तुझ्या ७० पानांत अशा निदान आठ-दहा ओळी आहेत ज्यांच्या आत एकेक प्रसंग झाकलेला आहे. नवीन काही सुचवायच्या आधी त्या उघड. अर्थात सगळंच इतकं जवळून लिहायचं नसतं, पोरगा अमरावतीला बसनं गेला तर गेला, त्याला अर्धी ओळ पुरे. जिथं कोणाला काहीतरी ठरवावं लागतं, तिथं थांबायचं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तू लिहिलंस की शेवटी बाप फाशी घेणार असं ठरवलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी हस्तलिखितांचा शेवट हाच असतो. हे दुःख आपल्या मातीतलं आहे, त्याबद्दल लिहूच नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा तो शेवट लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नसतं म्हणून येतो, मरणावर गोष्ट थांबवता येते. आपल्या गावांतल्या बायांची गोष्ट तर त्या दिवसापासून सुरू होते. तलाठी पंचनाम्याला येतो, प्रकरण जिल्ह्याच्या समितीसमोर जातं, पात्र की अपात्र ते ठरतं, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, याचे कागद मागतात. पात्र ठरलं तर १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार खात्यात ठेव म्हणून. आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्या सालदाराच्या घरचं काय? सेतूत बसतोस ना, हे कागद तुझ्या टेबलावरून जातात. ते घेऊन येणारी बाई टेबलासमोर कशी उभी राहते हे तू पाहिलं असशील. बाप जगला तर कादंबरी अवघड होईल आणि माझ्या मते मोठी पण होईल. आणि खरंच ज्या घरात असं झालं आहे त्या घरात विषय शोधायला जाऊ नको. त्यांनी आपण होऊन सांगितलं तर ऐक, आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं पुस्तकात घालू नको.

भाषेचं. वऱ्हाडीत लिहिलं तर पुण्याकडचे वाचणार नाहीत ही भीती मनातून काढ. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची आहे, तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात आणि महाराष्ट्र अजून वाचतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातलं शेतकऱ्याचं घर वऱ्हाडीच बोलतं. ही दोन्ही पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयात मिळतील, आणि वाचताना वही घेऊन बस, प्रत्येक प्रकरण कोणाच्या डोळ्यातून आहे, किती दिवस जातात, पैसा कुठून येतो कुठं जातो, हे उतरवून काढ. कादंबरीचा सांगाडा असा हातानं उतरवला की जेवढं कळतं तेवढं दहा व्याख्यानांनी कळत नाही.

लिहिताना मात्र बोलीचा नियम ठरवून घे. सगळे उच्चार कागदावर आणायला गेलं की वाचणारा प्रत्येक शब्दावर अडखळतो. मी क्रियापद आणि प्रत्यय सोडत नाही, ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राह्यला’, ‘काहून’, ‘नोको’, यात बोलीचा ताल आहे. ‘ळ’चा ‘य’ प्रत्येक ठिकाणी करायचा की काही माणसांच्याच तोंडी, ते तुझं तू ठरव, पण ठरवलं की शेवटपर्यंत तेच. एका कागदावर यादी करून भिंतीला लाव. आणि गावात सगळे सारखं बोलत नाहीत हे विसरू नको. शाळेतला गुरुजी वेगळं बोलतो, मारवाडी दुकानदार हिंदी-मराठी मिसळून, तांड्यावरची माणसं घरात गोरमाटी आणि बाजारात वऱ्हाडी, आणि तुझा नायक अमरावतीहून आला आहे तर तो मायशी एक बोलेल, मालकाशी दुसरं. मालकासमोर तो ‘मला’ म्हणतो की ‘मले’, त्यातच अर्धं पात्र आहे. आणि हे वाचणाऱ्यांत कोणी भंडारा-गडचिरोलीकडचे असाल तर तुमची झाडीबोली आहे, ती वऱ्हाडीच्या नियमात बसवू नका.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तरी चालतं, पण मग ते पुस्तकी नको. ‘सूर्य अस्ताचलास गेला होता’ असं तुझ्या पानात तीन वेळा आलं आहे, ते काढ. तू मला पत्र लिहिलंस ती भाषा फार छान आहे, त्याच भाषेत लिही.

गावातले ओळखतील का. ओळखतील, आणि जे त्यात नाहीत ते पण म्हणतील मीच आहे. यावर उपाय एकच, एका माणसाचं एक पात्र करू नको. तिघांचं मिळून एक कर. नुसतं नाव बदलून भागत नाही, धंदा बदल, घराची जागा बदल, पोरांची संख्या बदल, गावाला वेगळं नाव दे. माणूस ओळखू येत असेल आणि त्याची बदनामी होत असेल तर ‘हे काल्पनिक आहे’ असं पहिल्या पानावर छापून सुटका होत नाही, भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे. आणि जातीचं लिहिताना कच खाऊ नको पण सूड म्हणून पण लिहू नको. मालकाला पण रात्री झोप येत नसेल, त्याच्या पोरीचं पण लग्न अडलं असेल, त्याची बाजू तू त्याच्यासारखी मांडून दाखवली तर सालदाराचं दुःख उलट जास्त लागेल.

वेळेचं गणित सोपं आहे. दिवसाला २५० शब्द, महिन्यातले २५ दिवस, १० महिने, होतात ६२,५००. छापलेल्या डेमी आकाराच्या पानात २५०-३०० शब्द बसतात, म्हणजे साधारण सव्वादोनशे पानांची कादंबरी. २५० शब्द अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, जे लिहायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवलं असेल तर. वर्षातले दोन महिने पेरणीचे आणि वेचणीच्या गडबडीचे सोडून दे, तेव्हा लिहिलं नाही म्हणून जीव जाळू नको, ते दिवस बघायचे असतात. ज्यांचं ओलीत आहे त्यांना शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असली की पाणी द्यायला जावंच लागतं, माझ्या ओळखीतले दोघं-तिघं मोटरच्या खोलीत बसूनच लिहितात. आणि पहिला खर्डा संपेपर्यंत मागची पानं दुरुस्त करायची नाहीत. चूक दिसली तर समासात खूण कर आणि पुढं जा. पहिल्या प्रकरणाला पंधरा वेळा घासत बसलेले आणि दुसरं न लिहिलेले फार हुशार लोक मी पाहिले, फार वाईट वाटतं.

खर्डा झाला की महिनाभर हात लावू नको. मग प्रिंट काढून मोठ्यानं वाच, आणि गावातल्या एखाद्याला वाचून दाखव, पण मित्राला नको, ज्याला पुस्तकाचं काही नाही पण कामाचं सगळं माहीत आहे अशाला. ‘या महिन्यात तूर सोंगत नाही’ हे तो लगेच सांगेल.

टायपिंग युनिकोडमध्येच कर, मोबाईलवर केलं तरी चालतं. बोलून टाईप करायची सोय आहे पण ती वऱ्हाडीचं परस्पर प्रमाण करून टाकते, संवाद हातानंच टाईप कर. रोजचं स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव. प्रकाशकाकडे फाईल दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलतात तेव्हा जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्ह’ तर हमखास, म्हणून शेवटचं प्रूफ स्वतः वाचायचं, दुसऱ्यावर सोडायचं नाही.

छापण्याचं आता, यात लपवण्यासारखं काही नाही. एखादं प्रकरण सुटं काढून दीर्घकथा होत असेल तर दिवाळी अंकाला पाठव, मे-जूनच्या सुमाराला, त्यानंतर त्यांची पानं भरत जातात. विदर्भ साहित्य संघ १९२३पासून आहे, त्यांचं ‘युगवाणी’ नियतकालिक आहे, जिल्ह्याच्या शाखांचे कार्यक्रम असतात, तिथं जाऊन बस, ओळख अशीच होते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान द्यायची योजना आहे, जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठव. ३५च्या आतल्यांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, तुला अजून वेळ आहे. प्रकाशकाला पूर्ण कादंबरी झाल्याशिवाय पाठवू नको, सोबत एका पानात गोष्ट आणि पहिली दोन प्रकरणं, आणि उत्तराला महिने लागतात हे धरून चाल. नकार आला तर तो त्या प्रकाशकाचा त्या वर्षीचा नकार आहे, दुसरीकडे पाठव.

पैसे मागणारे भेटतील. स्वतःच्या पैशानं छापण्यात लाज नाही, पण किती प्रती, कागद कोणता, विक्री कोण करणार, उरलेल्या प्रती कोणाच्या, हे लेखी घे. आयएसबीएनचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नको, तो आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो. आणि रॉयल्टीवाला करार असला तरी नीट वाच. १९५७च्या कॉपीराईट कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं आहे, तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली की थांब. पहिली आवृत्ती, किती प्रती, किती वर्षं, एवढंच दे, भाषांतर, ऑडिओ, सिनेमा-वेबसिरीज हे स्वतःकडे ठेव. विचारायला संकोच करू नको, चांगला प्रकाशक यावर रागावत नाही. समजत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला दाखव, दोन दिवस जातील, पण सही त्यानंतरच कर.